सुनेच्या टाकीतलं खारं पाणी

बुधवार, संध्याकाळ

आज मीच खरी ठरले. सुनेच्या समुद्री माशांच्या टाकीतली पोवळी चार दिवस मिटून बसलेली, गुलाबी तर पार आक्रसलेलं. सून बीएस्सी. रोज थेंब मोजून पाणी तपासते, म्हणे सगळं बरोबर आहे. मग मरतायत कशी? डोकं फिरलं माझं. सरळ बोट बुडवून जिभेला लावलं.

"अगं, मिठागर झालंय हे! पाणी कमी झालं की काय ओततेस?"

"खारंच पाणी, आई. बादलीत मीठ घालून मीटरने मोजून करते."

"येडी का काय! पाणी उडतं, मीठ नाय उडत. दर वेळी वाढणारच ना!"

तिने तेच मीटर टाकीत घातलं आणि तिचा चेहरा उतरला. मग टाकीतलं थोडं थोडं काढून साधं, गाळलेलं पाणी घातलं. आता ते गुलाबी पोवळं जरासं उघडलंय. जरासंच, पण उघडलंय.

मघाशी सून टाकीतले मासे विकणाऱ्या दुकानदाराला फोनवर सांगत होती, "सासूबाईंनी पकडलं. मिठागरवाल्यांची लेक आहेत त्या!"

इथे करंजाड्यात राहायला आल्यापासून मी शेजारपाजारी सगळ्यांना बाप शेतकरी होता म्हणूनच सांगितलं. का, कोण जाणे. दार उघडं होतं, समोरच्या बाईने सगळं ऐकलं.

ऐकू दे.