आबांचा मणका आणि माझा पाय

१२ जानेवारी, पिंप्राळा (जळगाव)
आबा भडगावहून आले, कंबर धरूनच. दिवाळीपासून दुखतंय. आमच्या सेंटरवर नेलं, एक्सरे मीच काढला. चौदा वर्षं हेच काम करतेय, पण वडिलांना टेबलावर झोपवायची वेळ पहिल्यांदाच आली. रिपोर्ट : वयानुसार झीज, बाकी साफ. आबा खूश.
"फोटो साफ शे ना? मंग उसन भरेल व्हई. तू पाय लाव."
मी पायाळू. जन्मताना पाय आधी आले, म्हणून माझा पाय लागला की पाठीतली उसण उतरते, असं अख्खं गाव धरून चालतं. शिकले, नोकरीला लागले, तरी सुटका नाही. एरवी बापाला पाय लागला तर पाप, पायाळूला मात्र माफ! मी नाही म्हणाले.

१५ जानेवारी
तीन दिवस तेच टुमणं. आईसुद्धा त्यांच्याच बाजूने. शेवटी वैतागून सकाळी उपाशीपोटी आबांना पालथं झोपवलं आणि कमरेवर पाय दिला. तीनदा. तिसऱ्यांदा जोरात, कारण रागात होते. आबा कण्हले, मग हसले. "आते बरं वाटी ऱ्हायनं." आजची रात्र ते इथेच, उद्या गावी जाणार.

३ मार्च, धुळे
आबांना धरल्याशिवाय अंथरुणातून उठवत नाही. रक्त कमी, धाप लागते. इथल्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. कमरेचा पहिला मणका चेपलाय. शेजारच्या मणक्यांत डाग असावेत, नक्की सांगता येत नाही. मायलोमाचा संशय, म्हणजे हाडांच्या मगजातल्या पेशींचा कॅन्सर. एमआरआयवाली मुलगी माझ्या ओळखीची. तिच्या चेहऱ्यावरून रिपोर्टआधीच कळलं.
चीड येतेय नुसती. हाड बरंचसं पोखरलं गेल्याशिवाय एक्सऱ्यात दिसत नाही, हे मला शिकवलेलं. परीक्षेत लिहिलंय मी. आणि बापाला काय सांगितलं, तर साफ आहे!

९ मार्च, धुळे
मगजाची तपासणी आली. मायलोमाच.
रक्ताच्या डॉक्टरांनी जानेवारीचा एक्सरे आणि एमआरआय शेजारी शेजारी लावले. "जानेवारीत उभा असलेला मणका मार्चमध्ये चेपला? कुठे पडलात का, आबा? मार लागला?"
आबा ताडकन, "नही. काहीच नही."
माझ्याकडे बघितलंही नाही. पाय दिल्याचं मीही सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, मग आजार झपाट्याने वाढतोय, औषधं कडक द्यावी लागतील. ह्या वयात कितपत झेपतील...
आबांना धरून जिना उतरवताना विचारलं, खोटं का बोललात? "तुले कोनी बोलेल माले चालाव नही." विषय संपला त्यांच्यापुरता.

११ मार्च, जळगाव
कामात लक्ष नाही. आज एका बाईंना दोनदा श्वास रोखायला लावला, पहिल्यांदा एक्सऱ्याची प्लेटच घातली नव्हती. त्या बिचाऱ्या सॉरी म्हणाल्या मला!
सांगितलं तर लाज. एक्सरे टेक्निशियन बाई, स्वतः फोटो काढून स्वतःच बापाच्या कमरेवर पाय देते. सेंटरवर तोंड कुठे लपवू? नाही सांगितलं, तर माझ्या गप्प बसण्यावर आबांची औषधं ठरणार. आईला विचारलं तर म्हणे, "झायं ते झायं." तिला सोपं आहे.

१३ मार्च, धुळे
सांगून टाकलं. आबांच्या देखत.
डॉक्टर पेनाचं टोपण काढत-घालत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "तो मणका कदाचित तसाही गेला असता. कदाचित नसता गेला."
आता पूर्ण अंगाचा सीटी. बाकीच्या हाडांतही भोकं दिसली, तर आजारच जोरात आहे, कडक औषध लगेच. बाकीचं शाबूत असेल, तर मणका पायाच्या दाबाने गेला असं धरायचं आणि सौम्य औषधाने सुरुवात करून बघायची.
बाहेर आल्यावर आबांनी माझा हात सोडून भिंत धरली. वाटलं, चिडलेत. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "तू पाय दिधा, त्या रातले माले झोप लागनी व्हती. दिवाळीनंतर पहिलींदाव."
मला रडू आवरेना. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे.

१६ मार्च, धुळे
सीटी झाला. आबांना सरळ झोपता येत नव्हतं, गुडघ्यांखाली उशी देऊन कसंबसं जमवलं. काचेपलीकडे मी उभी राहिले, पण पडद्याकडे पाठ करून. मला वाचता येतं थोडंफार, तेच नको होतं. रिपोर्ट उद्या.
सकाळी आंघोळ करताना मनात आलं, सगळीकडे भोकं निघाली तर माझा दोष नाही. क्षणभर बरंसुद्धा वाटलं. मग स्वतःच्याच कानाखाली मारावीशी वाटली.
बाकीची हाडं शाबूत निघू देत. मणका मीच मोडला, हे जन्मभर ऐकून घेईन.