मी पडलेले नाही

तीर्थरूप वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून असं लिहिलंय, पण गुडघ्यामुळे खुर्चीत बसूनच केला आहे. तुम्ही मोठ्या मनानं वाकलेला धरा.) डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे कळलं. आता सगळं लख्ख दिसतं, इतकं की स्वयंपाकघरातली जळमटंही दिसू लागली आणि सुनेची धांदल उडाली, असंही कळलं. थेंब वेळेवर घालत जा. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. फोन सोडून पत्र का, असं म्हणाल. तर फोनवर तुम्ही बोलायचं आणि मी ऐकायचं ही आपली जुनी वहिवाट आहे, आणि या खेपेला मला बोलायचं आहे.

आधी मुद्द्याचं. मी पडलेले नाही. सभागृहात मी जिन्यावरून कोसळले, शुद्ध हरपली आणि मला चाकाच्या खुर्चीतून बाहेर काढलं, असं जे तुमच्यापर्यंत पोचलं त्यातली चाकाची खुर्ची तेवढी खरी. ती आली होती, मी तीत बसले नाही. पण या प्रकारावरून आमचे चिरंजीव आता ह्यांचा, म्हणजे तुमच्या भावाचा, फोन नंबर कायमचा बंद करायला निघाले आहेत. पुढच्या सुट्टीत येऊन ते काम उरकणार म्हणतात. ‘आत्याचंही हेच मत आहे,’ असंही म्हणाले. तुमच्या मताबद्दल मला काही म्हणायचं नाही. फक्त घडलं काय ते माझ्या तोंडून ऐका.

वाढदिवसाला चिरंजीवांनी मला एक घड्याळ पाठवलं. वेळ दाखवणं हे त्याचं सर्वांत किरकोळ काम. ते नाडी मोजतं, झोप मोजतं, फार वेळ बसून राहिलं की ‘उठा, चाला’ म्हणून मनगटाला थरथरवतं (सासूबाईंच्या माघारी हे काम कोणी केलं नव्हतं), आणि माणूस पडला की आपण होऊन, स्वतःच्याच सिमवरून, त्याच्या घरच्यांना फोन लावतं. चिरंजीव म्हणाले, हात लावू नकोस, मी आल्यावर सगळं भरून देतो. मी कशाला थांबते? ह्यांच्या दुकानात शिलाई मशीनचे सुटे भाग ज्या रद्दीत गुंडाळून यायचे, त्या रद्दीवर मी वाचायला शिकले. अर्ध्या फाटलेल्या गोष्टींचे शेवट स्वतः जुळवून घेतलेली बाई मी, आणि घड्याळाची पुस्तिका तर आख्खी होती. ‘लहान मुलांच्या हाती देऊ नये’ इथपर्यंत वाचली आणि जिथं जे भरायचं ते भरलं. अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं, अशी एक जागा होती. तिथं मी ह्यांचा नंबर भरला. हात आपोआप गेला. तो नंबर मला तोंडपाठ आहे, आणि दुसरं कोणी त्या घटकेला आठवलंही नाही.

त्यांचा फोन मी अजून चार्ज करून ठेवते हे तुम्हाला माहीत आहे, आणि रुचत नाही हे मला माहीत आहे. पण मैफलीचं तिकीट आता कागदावर कुठं असतं? फोनच्या काचेवर काळ्या ठिपक्यांचा चौकोन उमटतो, तेच तिकीट. सभागृहाचं सभासदत्व आम्हा दोघांचं आणि त्यांच्या नंबरावर. त्या दिवशी दारावरच्या यंत्राला चौकोन दाखवला, यंत्र टुंग वाजलं आणि वर अक्षरं आली, ‘आपणा दोघांचं स्वागत.’ दारावरचा माणूस माझ्या पाठीमागे बघायला लागला. दुसरे कुठं आहेत, म्हणाला. म्हटलं, ते पुढे गेलेत. यात खोटं काय आहे सांगा.

तर माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. मी तिथं छत्री ठेवते. ह्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी एकटीनं रात्रीचं परत येऊ नये एवढ्यासाठी ते यायचे, पहिल्या गाण्याला डोळे मिटायचे आणि मध्यंतराच्या चहाला बिनचूक उघडायचे. आसपासच्या लोकांना वाटायचं, काय रसिक माणूस आहे, कसा बुडून गेलाय.

कार्यक्रमाआधी सांगितलं, फोन बंद करा. मी माझा केला. त्यांचा केला नाही. ज्या फोनवर कोणी फोनच करत नाही तो बंद कशाला करायचा?

गायिका मात्र फार गुणाची हो. तिनं एक संथ गाणं घेतलं आणि शेवटच्या ओळीवर अशी काही अलगद उतरली की मी खुर्चीच्या दांड्यावर फाडकन हात मारला. आणि मग हललेच नाही. श्वास घ्यायचंही सुचेना. घड्याळानं बिचाऱ्यानं आपल्या अकलेप्रमाणे अर्थ लावला, की बाई आपटली आणि गार झाली. त्यानं मनगटाला थरथरवून विचारलं असणार. मला वाटलं, नेहमीचं ‘उठा, चाला’. मी दुर्लक्ष केलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. दुकानात हात तेलात बुडालेले असताना फोन वाजायचा आणि मी माजघरात असायची. म्हणून ह्यांनी फोनच्या घंटीच्या जागी स्वतःचा आवाज भरून ठेवला होता. मशीनच्या खडखडाटातून मागच्या दारापर्यंत पोचावा इतका मोठा. तुम्ही त्या नंबरावर हजारदा फोन केलात, पण करणाऱ्याला तो ऐकू येत नाही. इकडच्यालाच येतो.

तर सगळं सभागृह चिडीचूप, आणि माझ्या पर्समधून तुमचा भाऊ खणखणीत म्हणाला, “अगं, फोन घे. माझे हात तेलाचे आहेत.”

पर्समध्ये चष्म्याची डबी, गोळ्या, रुमाल, किल्ल्या, सगळं हाताला लागलं, फोन लागेना. ते पुन्हा म्हणाले. मग पुन्हा. मागे कोणीतरी फिसकन हसलं. गायिकेनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून अगदी घरच्यासारखं म्हणाली, “घ्या हो ताई. त्यांचे हात तेलाचे आहेत.” मग सारे हसले. खरं सांगते, मीही हसले.

फोन घेतला. पलीकडून एक बाई सांगत होती, की घड्याळ घातलेली व्यक्ती पडली आहे आणि उत्तर देत नाही. मी म्हटलं, “मी पडलेले नाही. बसले आहे. गाणं ऐकते आहे.” हे मनगटावरच्या घड्याळानं ऐकलं आणि जरा वेळानं माझंच बोलणं ह्यांच्या फोनमधून माझ्या कानात आलं. म्हणजे फोनवर त्यांना मी अशी ऐकू येत असे. किती ठसक्यात बोलते मी, वन्सं. कधी सांगितलं नाही त्यांनी.

घड्याळ चिरंजीवांच्याच खात्यावर घेतलेलं, त्यामुळे तोवर त्यांनाही ठिकाणासकट वर्दी गेली होती, त्यांनी सभागृहात फोन केला आणि दारावरचा माणूस चाकाची खुर्ची घेऊन धावत आला. मी त्याला छत्री उचलून शेजारी बसवला. दुसरे आले एकदाचे, म्हटलं. उरलेला कार्यक्रम आम्ही दोघांनी ऐकला. तोही झोपला.

तेव्हा काळजी नसावी. घड्याळात मी आता चिरंजीवांचा नंबर भरला आहे. ह्यांचा नंबर बंद करायलाही माझी ना नाही. वस्तूत जीव अडकवून ठेवणाऱ्यांतली मी नव्हे.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. तुमच्या भाच्याला फोन करून सांगा, की नंबर बंद करू नकोस. तो माझं ऐकत नाही, आत्याचं ऐकतो. कारण काही द्या. सभासदत्वाचं द्या.

ता. क. दुसरा. फोन माजघरातच ठेवलेला असतो. अधूनमधून त्या नंबरावर फोन करत जा. मी माझ्या फोनवरून लावून पाहिला, पण आपणच लावल्यावर आपल्याला माहीत असतं, त्यात काही नाही. कधी करणार ते आधी सांगू नका. आणि मी लगेच उचलला नाही, तर पडले असं समजू नका.