जगनच्या विहिरीचं पाणी

६ फेब्रुवारी
बोटाएवढी पट्टी, तिच्या टोकाला काळा ठिपका. मिताली मॅडम विहिरींचं पाणी तपासायला शहापुरात आल्यात, मी त्यांचा बाइकवाला. आज पट्टी माझ्याच हातात दिली. तो ठिपका म्हणजे तांब्याच्या ऑक्साइडचे स्फटिक. जुन्या तांब्याच्या हंड्यावर काळं चढतं ना, त्याच जातीचे — पण एका केसाच्या रुंदीत हजारभर ओळीनं बसतील एवढे बारीक! शेणवे गावातल्या विहिरीचं पाणी थेंबभर टाकलं. खतातलं नायट्रेट पाण्यात उतरलं असलं की या स्फटिकांपाशी विजेची देवघेव होते, पट्टी जोडलेल्या मोबाइलवर रेघ उठते. इथं जरा हलली आणि निजली. "चांगलं आहे पाणी," मॅडम म्हणाल्या.

कॉलेजात सरांशी भांडून दुसऱ्या वर्षाला बाहेर पडलो. तिथं कोणी हे दाखवलं असतं तर — जाऊ दे.

९ फेब्रुवारी
जिच्यावर माझा जीव, त्या भाविकाचं लग्न ठरलं. मुरबाडकडचा जगन, भेंडीची शेती करतो. तिच्या भावानं सांगितलं, तेही हसून. जेवलो नाय.

१३ फेब्रुवारी
आज नेमकं जगनचं गाव. त्याच्या आईनं चहा दिला. त्यांच्या विहिरीचं पाणी पट्टीवर टाकताना मी मनात म्हणत होतो, उठू दे रेघ. उठली. माहुली गडाच्या सुळक्यासारखी, सरळ! आनंद झाला, खोटं कशाला लिहू. मॅडमनी नवी पट्टी लावली. तोच सुळका. म्हणाल्या, "भेंडीला खत फार पडतंय. या पाण्यात कालवलेलं दूध तान्ह्या बाळाला गेलं, तर रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही. अंग निळं पडतं. उकळूनही जात नाही हे."

आनंद तिथंच विरला. त्या ठिपक्याला मी कोण, जगन कोण, काय माहीत नाय. पाण्यात आहे तेवढंच बोलतो.

१५ फेब्रुवारी
जगनला सांगायला गेलो. "पोरगी मिळाली नाय म्हून आमच्या विहिरीला नावं ठेवतो काय रे?" मी त्याची कॉलर धरली. झालं, सगळं मुसळ केरात. भाविकाचा भाऊ तिथंच होता. "अर्धं कालेज केलं न् पान्याचा डाक्टर झाला! त्या मॅडमला पन यानंच पढवली असंल."

१६ फेब्रुवारी
नुसता पडून.

१८ फेब्रुवारी
भाविकाचा फोन. "राघो, लगीन व्हनार. मीच हो बोलले, कोनी दाबलं नाय मला. पन माझी पोरं त्याच गावात पानी पितील. कुठल्या विहिरीचं भरू, तेवढं तू बघून सांग."

मॅडमकडून पट्ट्या मागून घेतल्या. जगनच्या गावातली एकेक विहीर तपासायला निघतोय.