गल्लीच्या तोंडावरची रांगोळी

मंगळवार, १ एप्रिल
टँकर आजबी नाय. हंडे लायनीत, बाया सावलीत. दुपारी समोरची सुनंदा आली. म्हणाली, तिच्या मालकांनी शेंद्र्याला खोली बघितली, कंपनीजवळ. तिथं बोअरला पाणी हाय. "आपल्याकडं पाईप येत नाय, मग मे संपला की जायचं म्हणतेत."
"जा की मग," म्हणलं. नवी नवरी म्हणून मुकुंदवाडीत आले तवापासून ही समोर. भांडायला दुसरी कुठून आणू? राग असा आला की दोन भाकरी करपल्या.

शुक्रवार, ४ एप्रिल
पाईपसाठी अर्ज देऊन देऊन चपला झिजल्या. आता कळलं, बुधवारी वॉर्ड ऑफिसचे साहेब मोठ्या रस्त्यानं पाहणीला येणार. म्हणलं, कागद वाचत नाय ना, मग रस्ता वाचा! गल्लीच्या तोंडावर रांगोळी काढायची, ह्या कडंपासून त्या कडंपर्यंत. मधी कोरडा नळ, भोवती हंडे. ज्या घरी पाणी नाय त्या घरच्या बाईनं आपला हंडा आपण काढायचा, पोटात नाव लिहायचं.
सु. म्हणाली, "लई डोकं हाय गं तुला. कधी कधी."
रंग आणायला रुखसानाभाभी शहागंजला गेली. "दुकानवाला पूछा, घर में शादी है क्या? मैं बोली हौ, नल की है."

सोमवार, ७ एप्रिल
माझ्या अंगणात सराव. काशीमावशीनं आयुष्यात पहिल्यांदा रांगोळी हातात धरली. हंडा काढला, त्याला कान आले.
"मावशे, हंडा हाय का शेळी?"
"शेळीलाबी पाणी लागतंच की," म्हणाली. हसून हसून पोट दुखलं.
मला साहेबाचं तोंड काढायचं होतं, डोक्यावर रिकामा हंडा. सु.नं हात धरला. "कुणाची टिंगल नको. ह्यो आपला हात हाय, त्यातून चांगलंच निघू दे." लई शिकवते. पण ऐकलं.

बुधवार, ९ एप्रिल
काय सांगावं!
पहाटपासून बसलो. उजाडलं तसा नळ उभा राहिला, हंड्यांना रंग चढला. झकास! कंबर धरून बघत उभ्या, तेवढ्यात हॉर्न. टँकर! आठवड्यानं आला, तोबी आजच.
डायवरनं ब्रेक मारला. खाली उतरला, चपला काढल्या. "ताई, ह्याच्यावरून टायर नाय घालणार मी. फडा मारून पुसून टाका."
फडा कोण मारणार? एकीचाबी हात होईना. काशीमावशी म्हणाली, "सकाळच्या पारी काढलेली रांगोळी पुसायची? लक्ष्मी दारातून माघारी जाईल."
भरला टँकर पुढं, रिकामे हंडे मागं, मधी आमची कला. कडंपासून कडंपर्यंत काढायला कुणी सांगितलं होतं? मीच. कपाळ बडवून घ्यावं वाटलं.
शेवटी भिंतीला चिकटून सगळ्या उभ्या राहिल्या, अन् हंडे हातोहात टँकरपासून आत. टँकर मोठ्या रस्त्यावर आडवा, मागं गाड्याच गाड्या, त्यातच साहेबांची जीप अडकली. साहेब चिडून उतरले, रांगोळीपाशी थांबले. एकेक नाव वाचत गेले. शेळीपाशी हसलेसुद्धा.
मग बोट दाखवून म्हणाले, "ह्या हंड्यात नाव नाही. कुणाचा?"
सगळ्यात देखणा हंडा. सु.चा. ती खाली बघत पाणी पुढं देत राहिली. माझ्या हातातला हंडा सांडला.

शनिवार, १२ एप्रिल
दोन माणसं टेप घेऊन आली, गल्ली मोजून गेली. पाईप कधी, विचारलं तर म्हणे वर विचारा. तरी कुणीतरी आलं! रुखसानाभाभीनं शिरखुर्मा केला. ईद झालीय, तरी केला.
सु. आली नाय. तिच्या दारात आत्तापासूनच खोकी बांधलेली दिसली.

मंगळवार, १५ एप्रिल
आज तीच आली. चहा टाकला.
"सांग," म्हणाली. "जाऊ का राहू?"
म्हणलं, "पोरांना तिकडं पाणी मिळंल. जा."
"मनातलं सांग."
गॅस बारीक केला. मग म्हणलं, "राहा गं. मला करमायचं नाय." बोलले अन् रडू फुटलं. ह्या सगळ्या उठाठेवी कशासाठी केल्या, ते तेव्हा माझं मलाच कळलं.
तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, जोरात, रागानंच. "अख्ख्या गल्लीला रस्त्यावर बसवलंस. साहेबाला उभं केलंस. अन् मला एकदा राहा म्हणायला तुझी जीभ झडत होती व्हय?"
चहा पिऊन गेली. रविवारी मालकांना सांगणार हाय. काय सांगणार, ते विचारायचा धीर मला झाला नाय.