शनिवारचं पाणी

४ मार्च, मंगळवार

काहीतरी गडबड आहे. आज धबधबा म्हणजे दगडावर नुसती ओली रेघ होती. शनिवारी मात्र धो धो! तिकिटाच्या खिडकीत बसून मी स्वतः आवाज ऐकला. महिनोन्महिने पाऊस नाही, काही नाही. मग पाणी काय सुट्ट्या बघून येतं?

चहावाल्या मावशींना विचारलं. "डोंगराच्या मनात येईल तसं गं," म्हणाल्या आणि कपबशा विसळायला लागल्या. कपबशा स्वच्छ होत्या.

६ मार्च

आईने विहिरीच्या दोराला आणखी एक तुकडा जोडला. घागरीत गाळ येतोय. मी म्हटलं, विहीर इतक्या लवकर कधी खाली जात नाही. "यंदा ऊन जास्त," म्हणाली, माझ्याकडे न बघता.

मी उगाच संशय घेते का? आईवरसुद्धा? लाज वाटते. पण तिने बघितलं नाही, हे खरं.

८ मार्च, शनिवार

पुन्हा धो धो. गाड्यांची रांग वळणापर्यंत. एका बाईंनी तिकीट घेताना विचारलं, "बारा महिने असतं का हो पाणी?" मी म्हटलं, "आज आहे." खोटं नाही बोलले. खरंही नाही बोलले. दिवसभर तेच डोक्यात.

दादा सकाळी गुडघ्यापर्यंत भिजून आला. त्याचं काम पायवाट झाडायचं. झाडताना कोण भिजतं?

१२ मार्च

स्वयंपाकघरात आई, दादा, वहिनी बोलत होते. मी आत गेले, सगळे गप्प! त्याआधी वहिनीचे शब्द कानावर पडले होते — "हळू, शाळा आली!" घरात मला हेच नाव. आमच्याकडे शिकलेली पहिली मीच, म्हणून कौतुकाने ठेवलेलं. आज कौतुक नव्हतं.

१५ मार्च, शनिवार

खिडकी उघडायच्या आधी डोंगर चढले. माथ्यावर, पाल्याखाली, काळा पाइप. हात ठेवला — थरथरत होता! त्याच्या मागोमाग खाली उतरले. वाटलं होतं, वळणावरच्या हॉटेलवाल्याच्या टाकीपाशी पोचेन. मनातल्या मनात त्याला शिव्याही देऊन झाल्या होत्या.

पाइप गावाच्या विहिरीत गेला. मोटारीजवळ दादा बसला होता.

"झालं समाधान?"

"दादा, पिण्याचं पाणी आहे हे! वरून पडलं की दरीत जातं, परत येत नाही!"

"मग? कोरडा दगड बघायला कोण येणार? मावशींचा चहा कोण पिणार? तुझी खिडकी तरी कशाला लागेल?"

"गावाला माहीत आहे?"

हसला. "तू सोडून सगळ्यांना. गावच्या बैठकीत आईनेही हात वर केला. तू परीक्षेला गेली होतीस तेव्हा ठरलं. तुला सांगितलं असतं तर लगेच तहसीलदाराकडे अर्ज खरडला असतास."

हॉटेलवाला असता तर किती सोपं होतं.

१९ मार्च

अर्ज खरडला. फाडला. दादाला म्हटलं, मोटार बंद कर, नाहीतर पुढचा फाडणार नाही. आई घागरीपुढे बसली होती, गाळ खाली बसायची वाट बघत. ना त्याच्या बाजूने बोलली, ना माझ्या.

२२ मार्च, शनिवार

दादाने मोटार लावली नाही. "घे, बघ आता तुझं खरं!"

लोक आले. दगड बघून हसले. एक गृहस्थ खिडकीशी येऊन — "काय ताई, धबधबा धुवायला टाकलाय का?" मागचे सगळे खो खो. मीही हसले बहुतेक. दुपारनंतर वळणावर एकही गाडी नव्हती.

मावशींनी दुधाचं भरलेलं पातेलं उचललं आणि घरी निघाल्या. खिडकीसमोर थांबल्या. मी मान खाली घातली. "जेवलीस का गं?" एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

२३ मार्च, रविवार

उजाडताच विहिरीवर गेले. आठवडाभर, शनिवारीही, मोटार बंद — पाणी चांगलं हातभर वर आलं होतं. नितळ.

मोटार मी चालू केली. कुणी सांगितलं नव्हतं.