निबंधात दुःख कमी पडलं

८ जाने.
रायपुरातच, पंडरीला गेली. कपड्याच्या दुकानावरचा जिना चढून सौरभ भैयाची परदेशी शिक्षणाची कन्सल्टन्सी. जर्मनीच्या अ‍ॅडमिशनचं पत्र आलं आहे; आता स्कॉलरशिप मिळाली तर जाणं, नाही तर पत्राला फ्रेम. स्कॉलरशिपवाल्यांना निबंध पाहिजे: तुम्ही कोण, कुठल्या, त्या जागेनं तुम्हाला कसं घडवलं. मी चार दिवस खपून लिहिलेला. स. भै.नं दोन मिनिटांत वाचला.
"दीदी, इसमें दर्द नहीं है।"
म्हटलं, भूजल शिकायला चालली आहो, दर्द कशाले?
"आप रहने दो, मैं डाल देता हूँ।"

९ जाने.
टाकलं त्यानं. मी म्हणे जंगलातल्या गावातून अनवाणी शाळेत जायची. (ऑटोनं जायची. खिडकीसाठी भांडायची.) बाबा म्हणे निरक्षर मजूर. बाबा! रेल्वेत सिग्नलचे सीनियर टेक्निशियन, दर रविवारी विहाराची लायब्ररी उघडणारे, माझ्या वेलांट्या अजून लाल पेनानं ठीक करणारे. फोन केला तर स. भै. म्हणतो, "छत्तीसगढ़ बोलोगे तो वो लोग यही सोचेंगे।"
फोन ठेवला. स्वतःच लिहीन.

११ जाने., रवि.
पहिल्याच ओळीत अडली. कुठली? नागपूरची मावशी म्हणते, तुमची मराठी म्हणजे हिंदीच. इथं कॉलेजात, "तुम लोग तो महाराष्ट्र वाले हो ना।" जन्म इथला, दात इथं आले, इथंच पडले, आणखी काय पाहिजे? फॉर्मात मातृभाषेचा एकच रकाना. मराठी लिहिलं. मंग आठवलं, आईशी भांडते ते हिंदीत.
शेवटी खरं ते लिहिलं. शाळेत घालताना बाबांनी शिकवलेलं, कोणी आडनाव विचारलं तर म्हणायचं, नागपूरचे आहो. बस. मेश्राम म्हटलं की जात कळते, म्हणून. लोक आडनाव विचारायचे, मी गाव सांगायची. तेवढं एक वाक्य लिहिलं, आणि पुढं एक, का ते.

१२ जाने.
बाबांनी वाचलं. स्पेलिंगची एक चूक काढली. आणि नेमकी ती दोन वाक्यं पेन्सिलीनं काटली.
"हे कशाले? तिकडल्या लोकांले काय करायचं?"
"त्यांनीच विचारलं आहे, बाबा."
"सगळंच सांगावं लागते का?"
एक म्हणतो दुःख घाल, एक म्हणतो काढ. ओरडली, "मंग तुम्हीच लिहा! तुम्हीच जा जर्मनीले!"
आई स्वयंपाकघरातून: "हळू बोल, शेजारी ऐकून राहिले."
हेच. हेच तर लिहिलं होतं.

१४ जाने.
दोन दिवस बाबा माझ्याशी आईमार्फत बोलून राहिले. "तिले विचार, जेवली का." मी समोर बसली आहो.

१६ जाने.
स्कॉलरशिपला लागणाऱ्या एका दाखल्यासाठी नव्या रायपूरला जायचं होतं. बसचा काही भरवसा नाही, म्हणून बाबांनी सुट्टी काढली, स्कूटरवर नेलं. साहेब जागेवर नाहीत, सोमवारी या. डोकंच फिरलं. परत येताना त्या मोठ्या मोकळ्या रस्त्यावर बाबांनी अचानक स्कूटर बाजूला घेतली. मले वाटलं, पंक्चर.
हेल्मेट काढून म्हणाले, "पहिल्या पोस्टिंगले रायपुरात एक खोली मिळाली होती. चांगली होती. तिसऱ्या दिवशी मी हौसेनं नावाची पाटी लावली. संध्याकाळी मालक आला. 'भाई, मेरी माँ नहीं मानेगी।' तुझ्या आईले सातवा महिना होता."
"मंग?"
"मंग काय. मित्राच्या स्वयंपाकघरात झोपलो, क्वार्टर मिळेपर्यंत. तू शाळेत चालली तेव्हा ठरवलं, पोट्टीले हे नको."
"मले काहून नाही सांगितलं?"
"पाच वर्षांची होती तू."
"आता चोवीसची आहो."
बाबांनी हेल्मेट घातलं. घरापर्यंत पाठीमागे बसून मी चिडलेलीच होती. कोणावर, ते नक्की नाही. त्या मालकावर, त्याच्या आईवर, बाबांवर. थोडी माझ्यावरही, एवढी वर्षं मी त्यांना भित्रे समजून राहिली होती.

१७ जाने.
खोलीची गोष्ट लिहिली. बाबांसमोर ठेवली. या वेळी पेन्सिल नाही उचलली. म्हणाले: "त्या माणसानं हात जोडले होते. तेही लिही. नाही तर राक्षस वाटते तो."
आई मागून वाचत होती. "आणि पाटी कोणी काढली? मी. हे तर नुसते बसले होते भिंतीले टेकून. पोट घेऊन स्टुलावर चढली, स्क्रू मी काढले. ते कुठं आहे?"
हे बाबांनी सांगितलंच नव्हतं. विसरले, की लपवलं, कोण जाणे.
दोन्ही घातलं.

१८ जाने., रवि.
चूक केली. इंग्रजी तपासायला स. भै.ला पाठवलं. पाच मिनिटांत फोन. आवाजात आनंद मावत नाही. "दीदी! अब आया दर्द! यही तो चाहिए था!"
आईबाबांनी चोवीस वर्षं गिळून ठेवलेलं, आणि ह्याला वाटतं, माल आला.
घरी सांगितलं, सगळं काढून टाकते. भूजल, बोअरवेल, मार्क, एवढंच लिहिते. बाबा लगेच म्हणाले, हो, काढ. आईनं हातातलं लाटणं खाली ठेवलं.
"काहून काढते? तो खूश झाला म्हणून? मंग आमच्यासोबत जे झालं ते झालंच नाही का?"
मंग काढलं नाही. स. भै.चा नंबर ब्लॉक केला, तेवढं एक काम झालं.

१९ जाने.
दाखला सकाळी मिळाला एकदाचा. उद्या शेवटची तारीख. अपलोड करायला गेली, वेबसाइट घेईना. चाळीस शब्द जास्त.
प्रिंट काढून तिघं जेवणाच्या टेबलावर बसलो आहो. आई स्क्रूचं वाक्य काढू देत नाही. बाबा मालकाचे जोडलेले हात सोडत नाहीत. मी म्हटलं, मेश्राम हे आडनाव पहिल्या ओळीत राहील, त्याले कोणी हात लावायचा नाही. बाबांनी मान हलवली; हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.
"भूजलाचं कमी कर," आई म्हणते.
"अरे, शिकायला तेच चालली आहो ना मी!"
बाबांनी चष्मा पुसला. कागद स्वतःकडे ओढला. आता पहिल्यापासून मोठ्यानं वाचून राहिले, एकेक शब्दावर बोट ठेवून. काटण्यासारखे आतापर्यंत दोन सापडले आहेत. 'व्हेरी' आणि 'रिअली'.
अडतीस बाकी.