मास्टर कात्री आणि आईचा शालू

१ नोव्हेंबर, शनिवार

…रिमोट सोफ्याखालून बाहेर काढेपर्यंत पहिली स्पर्धक रडायला लागली होती. ‘महाराष्ट्राची मास्टर कात्री’. नवीन शो, पहिला एपिसोड. कात्री एकदाच दिसली, तीही फॅब्रिक सॉफ्टनरच्या जाहिरातीत. बाकी वेळ स्पर्धकांचं बालपण. पांढऱ्या फ्रेमच्या चष्म्यातल्या जजला प्रत्येक कपड्यात ‘सोल’ हवा होता. एका कुर्त्याची एक बाही लांब होती. त्याला त्यात बंडखोरी दिसली.

बायकोने, श्रुतिकाने, विचारलं, एवढा भंगार शो आहे तर ऑडिशनचा व्हिडिओ का पाठवला होतास रे? मी म्हटलं, त्यांची पातळी तपासायला. पातळी कळली. त्यांनी मला घेतलं नाही.

पुन्हा बघणार नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

बघितला. टीका करायची तर पूर्ण माहिती हवी.

५ नोव्हेंबर, बुधवार

धाकटी बहीण मनाली दुकानात आली. तिचं लग्न तीस तारखेला, मुलुंडच्या हॉलमध्ये. आईचा लग्नातला शालू घेऊन आली. अंजिरी रंग, पदरावर जरीचे मोर. त्याची शिवलेली नऊवारी हवी. म्हणाली, दादा, मला दुसरं काही नको, दागिने पण नकोत, फक्त हा घालून उभं राहायचंय. मग हळूच म्हणाली, वहिनी शिवेल ना?

मी स्पष्ट केलं की मी शिवणार आहे. मनालीने श्रुतिकाकडे बघितलं. श्रुतिकाने मापं घ्यायला टेप काढली.

नाहूरमध्ये आमच्या नऊवारीच्या दुकानाला नाव आहे. कटिंग श्रुतिका करते, कारण मला दुकानाची दिशा ठरवायची असते. पण सख्ख्या बहिणीचं काम कलाकारानेच करायला हवं. दुसऱ्या सीझनच्या ऑडिशनला हाच व्हिडिओ पाठवेन. (शो भिकार आहे. म्हणूनच तिथे कोणीतरी चांगलं जायला हवं.)

उद्यापासून सुरुवात.

८ नोव्हेंबर, शनिवार

सुरुवात केली नाही. शालू बघत बसलो. कापडाशी आधी संवाद लागतो.

आज शोमध्ये स्पर्धकांनी जुन्या पडद्यांपासून गाऊन केले. ते पडद्यांसारखेच दिसत होते. जज म्हणाला, हा घराचा पुनर्जन्म आहे. मी मोठ्याने हसलो. आई आतून म्हणाली, हसतंस कित्याक? शालू शिवलंस?

१२ नोव्हेंबर, बुधवार

मनालीचा फोन. झालं का? म्हटलं, विचार चालू आहे. म्हणाली, दादा, विचार लग्नानंतर कर ना यार. या मुलीला प्रक्रिया कळत नाही. तिच्या होणाऱ्या नवऱ्याला, चेंबूरच्या अनिरुद्धला, कळेल असं वाटलं होतं. त्याने मला मेसेज पाठवला: दादा, टेन्शन घेऊ नका, पण ती रडतेय.

टेन्शन घेतलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

संताप. आजचं चॅलेंज: एका तासात नऊवारी. एकालाही जमली नाही. एकीने प्लीटेड स्कर्टवर ओढणी पिन केली आणि ‘मॉडर्न मावळी’ म्हणाली. तीच जिंकली. जज रडला.

एका तासात! मी दाखवतो. उद्या संध्याकाळी, कॅमेऱ्यासमोर.

१६ नोव्हेंबर, रविवार

आमच्या दुकानात आईने घालून दिलेली एक पद्धत आहे. साडी जमिनीवर पूर्ण उलगडायची. एकाने पदर हातात धरून उभं राहायचं. मगच दुसऱ्याने कात्री लावायची. गेली तीस वर्षं असंच चाललंय. मी आईला सांगितलं, टीव्हीवर कोणाकडेच पदर धरायला माणूस नसतो, तू आत जा, फ्रेममध्ये येतेस. ती म्हणाली, बरां. आधी कोणाक तरी पदर धरूक सांग, मगे कातर लाव. आणि गेली.

श्रुतिका भांडुपला ऑर्डर द्यायला गेली होती. योग्य वेळ.

शालू पूर्ण उलगडला तर फ्रेममध्ये मावत नाही. म्हणून दुमडून दुहेरी घातला. दोन्ही पाय एकदम कापले की वेळ निम्मा. इतकी साधी गोष्ट एकाही स्पर्धकाला सुचली नव्हती. कात्री सरळ गेली. व्हिडिओ झकास आलाय.

कापड उचललं तेव्हा लक्षात आलं की खालच्या थरात पदर होता.

सध्याची स्थिती: डावा पाय अंजिरी. उजव्या पायावर जरीचे मोर. खांद्यावर घ्यायला काही नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शांतपणे विचार केला. ही चूक नाही, असममिती आहे. मांडीवर दोन मोर, गुडघ्यावर एक. चालताना नाचतील. खांद्यावर नेटची ओढणी. त्या जजला दाखवलं तर तो तीन एपिसोड रडेल.

श्रुतिकाला अजून सांगितलं नाही. कलाकृती पूर्ण झाल्याशिवाय दाखवू नये.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शिवून झाली. आज शो बघितला नाही. लाइट गेली होती.

२६ नोव्हेंबर, बुधवार

ट्रायल. मनाली आरशासमोर उभी राहिली. मी संकल्पना समजावली. आई तिच्याभोवती एक फेरी मारून आली. म्हणाली, चेडवाच्या एकाच पायार मोर कित्याक रे?

मी म्हटलं, बंडखोरी.

आई म्हणाली, पदर खंय गेलो? मी पाय दाखवला.

मनाली खाली बसली. मोर दुमडले. मला म्हणाली, दादा, तू मला विचारायचं तरी होतंस. आवाज चढवला नाही. चढवला असता तर उत्तर देता आलं असतं.

श्रुतिकाने सगळं उसवून बघितलं. तीन ठिकाणी जोड देऊनही पदर उभा राहत नाही. जोड नेमका मोराच्या मानेवर येतो. मला म्हणाली, सुबोध, आता बाहेर जाऊन बस. बाहेर बसलो. बाहेरून दुकान चांगलं दिसतं.

३० नोव्हेंबर, रविवार

लग्न लागलं. मनाली श्रुतिकाचा हिरवा शालू नेसली. आईने नेसवला. तो तिला आखूड पडत होता, म्हणून ती सगळा वेळ गुडघे किंचित वाकवून उभी होती. फोटोत कळणार नाही.

अनिरुद्धच्या मावशीने मनालीला विचारलं, भावाचं नऊवारीचं दुकान आहे ना गं? मनाली म्हणाली, दुकान वहिनीचं आहे.

मी जवळच होतो. ऐकू आलं नाही असं दाखवलं. जेवण चांगलं होतं.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी श्रुतिकाने मला ब्लाउजची हुकं लावायला बसवलं. दुपारपर्यंत एक ब्लाउज झाला. तिने तो परत उसवायला दिला.